टीव्ही आपोआप बोलायला लागला तर

दसऱ्याला सेलूच्या मावशीकडं नवा टीव्ही आला आणि दिवाळीच्या आतच तिचा फोन आला. "अगं, टीव्ही बोलू लालाय हा. कोणतं बी बटन दाबलं की बोलतोय. काहून बोलू लालाय गं?"

ती घाबरली होती. दिवसभर घरात एकटी असते. पडद्यावर माणूस दिसत नाही, मालिका सुरू नाही, आणि कुणी बाई इंग्रजीत 'होम', 'सर्च', 'सेटिंग्ज' म्हणत राहते. तिनं बोर्डावरचं बटण बंद केलं आणि टीव्हीवर चादर टाकली. मग गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं चारशे रुपये घेतले, टीव्ही पूर्ण रिसेट केला आणि आवाज थांबला. पण त्याबरोबर मामेभावानं पुण्याहून येऊन भरलेला वायफायचा पासवर्ड, यूट्यूबचं खातं, सगळं पुसलं गेलं. चौथ्या दिवशी ती बाई पुन्हा बोलायला लागली.

परभणीहून सेलू रेल्वेनं फार लांब नाही. मी गेले आणि अर्धा मिनिटात आवाज बंद झाला. कारण सापडायला मात्र तासभर लागला. टीव्ही बघताना रिमोट मांडीखाली ठेवायची मावशीची सवय. बसता-उठता दोन बटणं एकदम दाबली जायची आणि तीन सेकंद दाबलेलीच राहायची. त्या दोन बटणांनीच टीव्हीला बोलायला लावलं होतं.

तेव्हापासून नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच घरांमधून मला असे फोन येतात. जिंतूर, वसमत, जालना, कुठूनही. प्रश्न थोडेफार तेच असतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते आहे. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच स्मार्ट टीव्ही आलाय, त्यांच्यासाठी हे आहे. आधी एवढं मनात पक्कं करा, की हा बिघाड नाही. टीव्हीत काही जळलेलं नाही, कुणी लांबून तुमचा टीव्ही ताब्यात घेतलेला नाही. एक सोय चुकून सुरू झाली आहे आणि ती जिथं सुरू होते तिथंच बंद होते. त्यासाठी पैसे देऊ नका आणि टीव्ही रिसेट करू नका.

आधी नुसतं ऐका

टीव्हीतून नको असलेला आवाज येतो म्हणजे नेमका कोणता, हे कळल्याशिवाय बटणं दाबत सुटलात तर गोंधळ वाढतो. रिमोट हातात घ्या, एक बटण दाबा, थांबा, ऐका.

बाण दाबून एका चौकोनावरून दुसऱ्यावर गेलात आणि दर वेळी त्या चौकोनाचं नाव कुणी वाचलं, तर तो पडदा वाचणारा आवाज आहे. सर्वांत जास्त फोन याचेच असतात.

मेनूत शांतता आहे, पण सिनेमा लावल्यावर पात्रं गप्प असताना मधूनच कुणी "ती दार उघडते, बाहेर पाऊस आहे" असं सांगत असेल, तर ते दृश्यवर्णन आहे. ते वेगळ्या जागी बंद होतं.

बटण दाबलं की नुसतं टिक-टिक होत असेल, तर ते मेनूचे आवाज. एखाद्या सिनेमाच्या चित्रावर क्षणभर थांबलात आणि लगेच धडाधड संगीत सुरू झालं, तर ती झलक, म्हणजे प्रिव्ह्यू. आणि तुम्ही आपसात बोलत असताना टीव्हीनं मध्येच उत्तर दिलं, तर मायक्रोफोन जागा आहे.

आणखी एक गोष्ट तपासा: आवाज टीव्हीचा आहे की डब्याचा? आता बरेच सेट-टॉप बॉक्स स्वतःच अँड्रॉइडवर चालतात आणि त्यांनाही हीच बोलायची सोय असते. डब्याच्या रिमोटनं फिरताना आवाज येतो आणि टीव्हीच्या रिमोटनं मेनू उघडल्यावर येत नाही, तर बोलणारा डबा आहे. मग पुढच्या सगळ्या पायऱ्या डब्याच्या रिमोटनं, डब्याच्या सेटिंग्जमध्ये करायच्या. हे न बघितल्यामुळं जालन्याच्या एका घरी मी फोनवर वीस मिनिटं चुकीच्या मेनूत घालवली होती.

पडदा वाचणारा आवाज

ज्यांना दिसत नाही किंवा फार कमी दिसतं, त्यांना टीव्ही स्वतः चालवता यावा म्हणून हा आवाज दिलेला असतो. म्हणून जवळपास प्रत्येक कंपनी रिमोटवर त्याचा आडमार्ग ठेवते, म्हणजे मेनूत न जाता एक-दोन बटणं दाबून धरली की आवाज सुरू. ज्याला पडदा दिसत नाही तो मेनूत शोधणार तरी कसा? पण त्याच आडमार्गानं पोरांच्या हातून, घट्ट प्लॅस्टिकच्या कव्हरखाली किंवा मावशीसारखं मांडीखाली आवाज नकळत सुरूही होतो.

बंद करायलाही तोच रस्ता. फक्त तुमचा टीव्ही कोणत्या प्रणालीवर चालतो ते ठाऊक पाहिजे. बोर्डाचं बटण चालू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत पडद्यावर जे नाव येतं, त्यावरून कळतं: गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही, फायर टीव्ही, एलजीचा वेबओएस, नाहीतर सॅमसंग. टीव्हीच्या कंपनीचं नाव आणि आतल्या प्रणालीचं नाव एकच असेल असं नाही. सोनी, टीसीएल, शाओमी यांच्या पुष्कळ टीव्हींमध्ये गूगलची प्रणाली असते, आणि रेडमीच्या काही टीव्हींमध्ये फायर टीव्ही.

गूगल टीव्ही आणि अँड्रॉइड टीव्हीवर या आवाजाचं नाव टॉकबॅक. रिमोटवरचं मागे जायचं बटण (वळलेल्या बाणाचं) आणि गोल कड्यातला खालचा बाण, दोन्ही एकदम दाबा आणि तीन सेकंद धरून ठेवा. मनात एक, दोन, तीन म्हणा, घाई करू नका. पडद्यावर विचारणा आली तर वाचून होकार द्या. आवाज थांबतो.

त्यानं जमलं नाही तर मेनूतून जा:

१. होमच्या पडद्यावर वर उजव्या कोपऱ्यातलं दातेरी चाक, म्हणजे सेटिंग्ज, उघडा.
२. गूगल टीव्ही असेल तर 'सिस्टम', जुना अँड्रॉइड टीव्ही असेल तर 'डिव्हाइस प्रेफरन्सेस' निवडा.
३. आत 'ॲक्सेसिबिलिटी' शोधा. मेनू हिंदीत असेल तर तिथं 'सुलभता' लिहिलेलं दिसेल.
४. 'टॉकबॅक'वर जा, ते बंद करा, खात्रीचा प्रश्न आला की ओके दाबा.

हे करताना ती बाई प्रत्येक ओळ वाचत राहणार. वाचू द्या. अनेकजण इथंच बावरून परत फिरतात. खरं म्हणजे त्या आवाजाची मदतच होते, आपण कुठल्या ओळीवर आहोत ते तो सांगतो.

मोबाईलवर टॉकबॅक सुरू झालेला ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना टीव्हीचीही धास्ती वाटते. मोबाईलवर सगळी चालच बदलते: एकदा स्पर्श केला की फक्त वाचून दाखवतो, उघडायला दोनदा टिचकी मारावी लागते, सरकवायला दोन बोटं लागतात. टीव्हीवर असं काही होत नाही. बाण तसेच चालतात, ओके तसंच चालतं, फक्त आवाज जास्तीचा. (मोबाईलवर तो नकळत सुरू झाला असेल, तर बहुतेक अँड्रॉइड फोनवर आवाज वाढवायचं आणि कमी करायचं अशी दोन्ही बटणं एकत्र काही सेकंद दाबून बघा.)

आवाज बंद झाला म्हणून लगेच उठू नका. गूगलच्या टीव्हीवर त्याच 'ॲक्सेसिबिलिटी'च्या पानावर 'ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकट' असं लिहिलेलं असतं. दोन बटणांचा आडमार्ग तो हाच. घरात कुणालाही या आवाजाची गरज नसेल तर तोही बंद करा. दुरुस्तीवाल्याकडून नेमकं एवढंच राहिलं होतं, आणि म्हणून मावशीचा टीव्ही चौथ्या दिवशी पुन्हा बोलला. आता त्याला वर्ष होत आलं, रिमोट अजून मांडीखालीच असतो आणि टीव्ही गप्प आहे.

सॅमसंगच्या टीव्हीवर याचं नाव व्हॉइस गाईड. बारीक, कमी बटणांचा रिमोट असेल तर आवाजाची जी पट्टी वर-खाली होते ती आत दाबून धरा. भरपूर बटणांचा जुना रिमोट असेल तर म्यूटचं बटण दाबून धरा. पडद्यावर छोटी यादी येते, त्यात 'व्हॉइस गाईड' असतं. त्यावर जाऊन ओके दाबलं की झालं. मेनूतून जायचं तर नव्या टीव्हींवर 'ऑल सेटिंग्ज', मग 'जनरल अँड प्रायव्हसी', मग 'ॲक्सेसिबिलिटी'. जुन्यांवर 'जनरल'च्या आतच 'ॲक्सेसिबिलिटी' सापडते.

सॅमसंगवर एक वेगळाच प्रकार होतो, तो सांगायलाच पाहिजे, कारण लोकांना तो रिमोट बिघडल्यासारखा वाटतो. कोणतंही बटण दाबलं की टीव्ही त्या बटणाचं नाव सांगतो, पण काम करत नाही. आवाज वाढवायला गेलात तर आवाज वाढत नाही, फक्त बटणाचं नाव ऐकू येतं. ही रिमोट शिकायची सोय आहे, 'लर्न टीव्ही रिमोट'. मागे जायचं बटण लागोपाठ दोनदा दाबा, बाहेर याल.

एलजीवर त्याला 'ऑडिओ गाइडन्स' म्हणतात. म्यूटचं बटण दाबून धरलं की बहुतेक टीव्हींवर 'ॲक्सेसिबिलिटी'ची यादी येते, नाहीतर दातेरी चाकाच्या बटणानं 'ऑल सेटिंग्ज'मध्ये जाऊन शोधा. काही टीव्हींवर ती 'जनरल'च्या आत असते.

फायर टीव्हीवर नाव व्हॉइसव्ह्यू. मागे जायचं बटण आणि तीन आडव्या रेघांचं मेनूचं बटण, दोन्ही एकत्र दोन सेकंद धरा. नाहीतर 'सेटिंग्ज', 'ॲक्सेसिबिलिटी', 'व्हॉइसव्ह्यू'.

तुमचा टीव्ही यातला कुठलाच नसेल, तरी 'ॲक्सेसिबिलिटी' हा शब्द आणि वर्तुळात हात पसरून उभ्या असलेल्या माणसाचं चित्र, या दोन खुणांवर नजर ठेवा. सेटिंग्जच्या कुठल्याही पानावर ती दिसली की आत जा. बोलण्याची सोय तिथंच असते.

सिनेमात मधेच बोलणारा माणूस

वसमतच्या एका घरातून तक्रार आली होती, की इंग्रजी सिनेमा लावला की कुणी तरी सारखं समालोचन करतंय. त्यांनी टॉकबॅक शोधला, तो बंदच होता. त्यांच्या हातून सिनेमाचा ऑडिओ, म्हणजे तो कोणत्या भाषेत ऐकायचा ती निवड, बदलली गेली होती. नेटफ्लिक्ससारख्या ॲपवर एकाच सिनेमाला अनेक आवाज असतात: हिंदी, इंग्रजी, तमिळ, आणि त्यातच 'इंग्लिश - ऑडिओ डिस्क्रिप्शन' अशी एक ओळ. ती निवडली गेली की वर्णन सुरू होतं.

टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये जायची गरज नाही. सिनेमा चालू असताना वरचा किंवा खालचा बाण दाबा, 'ऑडिओ अँड सबटायटल्स' उघडा, आणि ज्या ओळीत 'डिस्क्रिप्शन' हा शब्द नाही ती भाषा निवडा. एवढं करूनही वर्णन थांबलं नाही, तर सॅमसंग आणि एलजीच्या 'ॲक्सेसिबिलिटी'त 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' नावाचं वेगळं बटण असतं, ते बघा.

यालाच जवळची गोष्ट म्हणजे सेट-टॉप बॉक्सवरची भाषा. पोरांचं कार्टून एकाएकी तेलुगूत किंवा इंग्रजीत सुरू होतं आणि घरात कुणाला काही कळत नाही. देगलूरच्या बाजूला तेलुगू कानावर असतं, बाकीच्यांची पंचाईत. डब्याच्या रिमोटवर भाषेचं किंवा 'ऑडिओ'चं बटण असतं. तेच पुन्हा पुन्हा दाबत गेलं की भाषा फिरत जाते, हवी ती आली की थांबायचं.

टिक-टिक आणि झलकांचा गोंगाट

टिक-टिक बंद करणं सोपं. गूगल टीव्हीवर 'डिस्प्ले अँड साऊंड'मध्ये 'सिस्टम साऊंड्स' बंद करा. जुन्या अँड्रॉइडवर तेच 'डिव्हाइस प्रेफरन्सेस'च्या 'साऊंड'मध्ये असतं. फायर टीव्हीवर 'डिस्प्ले अँड साऊंड्स', 'ऑडिओ', 'नेव्हिगेशन साऊंड्स'. सॅमसंगवर 'साऊंड फीडबॅक' हे नाव शोधा.

झलकांचा त्रास मात्र खरा त्रास आहे. रात्री साडेदहाला घरातलं माणूस झोपलंय, तुम्ही आवाज कमी ठेवून काही शोधताय, आणि एका चित्रावर क्षणभर थांबलात की मारामारीचा दणका सुरू. माझं स्पष्ट मत आहे, की हे मुळात बंदच असायला हवं होतं आणि ज्याला पाहिजे त्यानं सुरू करावं. पण तसं नाही, म्हणून आपण बंद करायचं.

फायर टीव्हीवर: 'सेटिंग्ज', 'प्रेफरन्सेस', 'फीचर्ड कंटेंट'. तिथं दोन ओळी आहेत, एक व्हिडिओ आपोआप चालण्याची आणि एक आवाज आपोआप येण्याची. दोन्ही बंद करा. चित्र हललं तर चालेल पण आवाज नको, असं असेल तर फक्त दुसरी.

नेटफ्लिक्सचं टीव्हीवरून करायला जाऊ नका, मोबाईलच्या किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून करा. नेटफ्लिक्सच्या साइटवर लॉगिन करा, आपलं प्रोफाइल निवडा, त्याच्या सेटिंग्जमध्ये प्लेबॅकच्या भागात जा आणि झलका आपोआप चालवण्याच्या ओळीपुढची खूण काढा. त्याच पानावर पुढचा भाग आपोआप सुरू होण्याचीही एक ओळ आहे, दोन्हींची गल्लत करू नका. घरात प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं असेल तर प्रत्येकाला ही खूण वेगळी काढावी लागते. बदल टीव्हीवर लगेच दिसला नाही, तर टीव्हीवर दुसऱ्या प्रोफाइलमध्ये जाऊन पुन्हा आपल्यात या, म्हणजे लागू होतो.

टीव्हीचा कान

"रिमोटमध्ये माइक आहे म्हणजे तो दिवसभर आपलं ऐकतो का?" हा प्रश्न मला विशेषतः बायकांनी विचारला आहे, आणि तो अगदी रास्त आहे. घरातलं बोलणं घरातच राहिलं पाहिजे.

साधारण रिमोटचा माइक बटण दाबून धरल्यावरच ऐकतो. तो बंद करायला काही शोधायला नको, त्या बटणाला हात लावू नका एवढंच. पण काही टीव्हींमध्ये पडद्याच्या खालच्या चौकटीतच माइक बसवलेला असतो, रिमोटला हात न लावता लांबून हाक मारता यावी म्हणून. असा टीव्ही हाक ऐकण्यासाठी सतत जागा असतो. पडद्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवून बघा, बऱ्याच टीव्हींवर तिथं माइकचं छोटं सरकतं बटण असतं. ते सरकवलं की माइक बंद. सेटिंग्जमधल्या कुठल्याही ओळीपेक्षा या बटणावर माझा भरवसा जास्त आहे, कारण बटण कुठल्या बाजूला आहे ते डोळ्यांनी दिसतं.

तसं बटण नसेल तर सॅमसंगवर व्हॉइसच्या सेटिंग्जमध्ये बिक्सबीचं (हाक ऐकून उत्तर देणाऱ्या सॅमसंगच्या मदतनीसाचं) 'व्हॉइस वेक-अप' बंद करा. एलजीवर 'जनरल'मधल्या 'एआय सर्व्हिस'मध्ये आवाज ओळखण्याचे पर्याय असतात. गूगल टीव्हीवर 'प्रायव्हसी'मध्ये गूगल असिस्टंटचं पान असतं, आणि तिथंच 'ॲप परमिशन्स'मध्ये 'मायक्रोफोन' उघडलं की कुठल्या ॲपला माइक वापरायची परवानगी दिलेली आहे ती यादी दिसते. बातम्यांच्या, खेळाच्या, भजनाच्या ॲपला माइक कशाला पाहिजे? काढून टाका. यूट्यूबवर तुम्ही बोलून शोधत असाल तर तेवढी परवानगी ठेवा. टाईप करायचा कंटाळा असणाऱ्या माझ्या मामांना ती फार उपयोगी पडते आणि ती काढावी असं मला वाटत नाही.

जाहिरात मोठी, संवाद बारीक

हे बोलणं नव्हे, पण तक्रार आवाजाचीच. मालिकेतले संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर जाहिरात अंगावर येते. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४ मध्येच लिहिलेलं आहे की जाहिरातीचं चित्र आणि ध्वनी अवाजवी भडक नसावेत. तरी घरात होतं ते होतंच.

टीव्हीच्या 'साऊंड'मध्ये 'ऑटो व्हॉल्यूम' किंवा तशा नावाची ओळ असते, ती सुरू करा. मोठे आवाज दबतात, बारीक वर येतात. ही एकच सोय मी बंद करायला नाही, सुरू करायला सांगते. उलट 'सिनेमा', 'सराऊंड', 'एआय साऊंड' असले प्रकार काढून 'साऊंड मोड' 'स्टँडर्ड'वर आणा, किंवा 'क्लिअर व्हॉइस'सारखा संवाद पुढे आणणारा पर्याय असेल तर तो घ्या. आपल्याकडच्या छोट्या खोल्यांत, पत्र्याखाली किंवा उघड्या भिंतींत, घुमणारा आवाज संवाद गिळतो. समोरच्या भिंतीला एखादी जाड चादर किंवा पडदा लावलात तरी फरक पडतो.

प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत असेल, तर टीव्हीचे स्पीकर आणि बाहेरचा साऊंडबार दोन्ही एकदम वाजताहेत. 'साऊंड आऊटपुट'मध्ये जाऊन एकच ठेवा.

आणि नवा टीव्ही आहे, आवाज कमी केला तरी थोड्या वेळानं पुन्हा वाढतो, पडद्यावर जाहिरातवजा पट्ट्या येतात, असं असेल तर टीव्ही दुकानाच्या मोडमध्ये राहिलाय. दसरा-दिवाळीच्या गर्दीत बसवणारा घाईत 'होम'ऐवजी 'स्टोअर' किंवा 'रिटेल' निवडून जातो. सेटिंग्जमध्ये 'युसेज मोड' किंवा 'स्टोअर मोड' शोधून 'होम' करा.

लांबून सांगायचं असेल तर

मराठवाड्यातल्या किती तरी घरांत आईवडील गावी आणि मुलं पुण्या-मुंबईला. मग सगळी दुरुस्ती फोनवर. "आई, सेटिंग्जमध्ये जा" या वाक्याचा उपयोग होत नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावा, फोनचा मागचा कॅमेरा टीव्हीकडं धरायला सांगा, आणि आधी रिमोट कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. प्रत्येक रिमोटवर बटणांची जागा वेगळी असते. तुमच्या घरचा रिमोट आठवून सांगू नका.

बटणाची नावं त्यांच्या शब्दांत सांगा: गोल कडं, मधला ठिपका, घराचं चित्र, वळलेला बाण. एका वेळी एकच दाबायला सांगा आणि "आता काय दिसतंय?" विचारा. ऐकू कमी येत असेल तर आधी टीव्ही म्यूट करायला सांगा, नाहीतर तुमचा आवाज आणि टीव्हीतल्या बाईचा आवाज एकमेकांत मिसळतात. मधेच लाईट गेली तर चिडचिड करू नका. या सेटिंग्ज पुसल्या जात नाहीत, लाईट आली की जिथं सोडलं तिथून पुढं.

बंद करण्याआधी एक विचारा

परभणीत आमच्या मागच्या गल्लीत एक आजोबा आहेत. काचबिंदूनं दृष्टी जवळपास गेली. त्यांच्या सुनेनंही मला एकदा तोच प्रश्न केला, "टीव्ही बोलतोय, बंद करून द्या ना." मी गेले, रिमोट हातात घेतला, आणि आजोबा हळूच म्हणाले, "राहू दे ना पोरी. मला कळतंय त्यानं, कुठं आलो ते."

तो आवाज त्यांनी स्वतः सुरू केला नव्हता, नातवाच्या हातून झाला होता. पण चार दिवसांत ते त्यावर बातम्यांचं ॲप उघडायला शिकले होते. त्याआधी दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागायची. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या ४२ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक माध्यमं दृश्यवर्णन, सांकेतिक भाषा, पडद्यावर लिहून येणारे संवाद यांसह दिव्यांगांना वापरता यावीत असं म्हटलं आहे. त्या कलमाचा अर्थ मला त्या खोलीत बसून कळला.

सुनेचा त्रासही खोटा नव्हता. दिवसभर कानाशी इंग्रजी बडबड नको वाटते. म्हणून आम्ही बंद न करता जुळवून घेतलं. सॅमसंगच्या व्हॉइस गाईडमध्ये आवाजाची पातळी, वेग आणि बारीक-जाडपणा (पिच) वेगवेगळे बदलता येतात. टॉकबॅकचा बोलण्याचा वेग 'ॲक्सेसिबिलिटी'मधल्या 'टेक्स्ट टू स्पीच'मध्ये कमी करता येतो. आजोबांचा टीव्ही सॅमसंगचा होता. वेग दोन पायऱ्या कमी केला, पातळी खाली आणली. आडमार्ग चालू ठेवला आणि दोघांनाही शिकवला: आजोबा एकटे असले की आवाजाची पट्टी दाबून धरून व्हॉइस गाईड सुरू करायचं, सगळे बसले की बंद करायचं.

पट्टी नेमकी कुठं दाबायची ते बोटांना लागावं म्हणून त्यांच्या रिमोटवर आवाजाच्या पट्टीशेजारी नेलपॉलिशचा एक जाड थेंब टाकला. मावशीच्या रिमोटच्या मागे मात्र मी मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवली आहे: टीव्ही बोलला तर वळलेला बाण आणि खालचा बाण, दोन्ही धरून तीन मोजायचे. आडमार्ग बंद असल्यानं ती चिठ्ठी आता तिला लागत नाही, पण शेजारणींना दाखवायला ती तो रिमोट घेऊन जाते.